अचाट दावा आणि त्याला लावायचा आकडा: "दहा हजारात एक तरी धराल की नाही?"

कृष्णाकाठ

राइस पुलर हा प्रकार सांगली-सातारा पट्ट्यात बहुतेकांच्या कानावर आलेला असतो. जुनं तांब्याचं भांडं, त्यावर वीज पडून त्यात 'इरिडियम' उतरलेलं, ते तांदळाचे दाणे ओढतं, परदेशातली संशोधन संस्था त्याचे कोट्यवधी रुपये मोजते. फक्त तपासणीची फी आधी भरायची. ही फसवणूक आहे यावर इथे वाद नको.

पण त्याच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो, तो सरळ निर्णयशास्त्राच्या भाषेतला आहे. म्हणून तो नीट खोडला पाहिजे असं वाटतं. फी २५,००० रुपये, मिळणार ५० कोटी. दावा खरा असण्याची शक्यता दहा हजारात एक धरा. अपेक्षित मूल्य (शक्यता गुणिले रक्कम) निघतं ५०,००० रुपये, म्हणजे फीच्या दुप्पट. मग विचारतात, "दहा हजारात एक एवढंसुद्धा मानणार नाही, इतकी खात्री आहे का तुमची?"

शून्य म्हणून सुटका नाही. बेझच्या सूत्रात प्रायर (पुरावा पाहण्याआधी धरलेली शक्यता) शून्य घातला की पुढे कितीही पुरावा आला तरी उत्तर शून्यच. मग आकडा आणायचा कुठून? शेंडा-बुडखा नसलेल्या दाव्याला शक्यता लावायची पद्धत काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

वाईचा_सांख्यिक

आधी ना-नफा-ना-तोटा आकडा काढून ठेवा. २५,००० भागिले ५० कोटी, म्हणजे वीस हजारात एक. शक्यता याच्या वर की खाली, एवढाच प्रश्न आहे. "दहा हजारात एक" हा आकडा कुठल्याही मोजणीतून आलेला नाही. "अगदी नगण्य" हे बोलून दाखवायला सुचलेली ती एक गोल संख्या आहे. वाद तिथेच हरला जातो, कारण वापरात असलेल्या गोल संख्यांपैकी ती नेमकी वीस हजारात एकच्या वरची निघते.

आता मोजणीने काय हाती लागतं ते पाहू. असे न दावे तपासले आणि एकही खरा निघाला नाही, तर लाप्लासच्या नियमाने पुढचा खरा असण्याची शक्यता १ भागिले (न + २). ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा हवी असेल तर ३ भागिले न. म्हणजे नुसत्या मोजणीच्या जोरावर वीस हजारात एकच्या खाली जायचं तर ६०,००० दावे तपासलेले आणि सगळे खोटे निघालेले हवेत. एवढी नोंद कुणाकडे नसते. "आजवर एकही खरा निघाला नाही" हे वाक्य म्हणूनच वाटतं तितकं वजनदार नाही.

उरलेलं काम यंत्रणेच्या तपासणीने करावं लागतं. दाव्याचे तुकडे पाडायचे. तांदूळ चुंबकाकडे ओढला जात नाही, उलट अगदी किंचित दूर ढकलला जातो. तांबं आणि इरिडियम दोन्ही लोखंडासारखे चुंबकीय नाहीत. विजेतून इरिडियम येत नाही, वीज म्हणजे विद्युतप्रवाह आहे. ५० कोटी देणारा ग्राहक २५,००० ची तपासणी स्वतःच्या खर्चाने करत नाही, हा चौथा तुकडा. प्रत्येक तुकड्याची शक्यता "आधीचे तुकडे खरे धरून" लावायची आणि गुणायची.

इथे एक खबरदारी. तुकडे पाडत गेलं की गुणाकार हवा तितका लहान करता येतो. दहा तुकडे पाडून प्रत्येकाला दहात एक दिलं की हजार कोटीत एक आलंच. पण आपली समजूतच मुळात चुकीची असण्याची जी शक्यता आहे, तिच्या खाली अंतिम आकडा जाऊ देऊ नये. पदार्थविज्ञानातल्या शंभर वर्षं तपासलेल्या नियमासाठी ती फार लहान आहे. बाजारभावाच्या अंदाजासाठी नाही.

मिरज_जंक्शन

दहा हजारात एक ही शक्यता वादापुरती पूर्ण मान्य केली, तरी पैसे भरावेत असं निघत नाही. अपेक्षित मूल्य बरोबर, पण पैज किती मोठी लावायची हे त्यावरून ठरत नाही. केलीचं सूत्र पाहा: पैजेवर लावायचा हिस्सा = जिंकण्याची शक्यता वजा (हरण्याची शक्यता भागिले परताव्याची पट).

०.०००१ वजा (०.९९९९ भागिले २०,०००) = साधारण ०.००००५.

म्हणजे आपल्याकडच्या एकूण पुंजीच्या लाख रुपयांमागे ५ रुपये. या हिशेबाने २५,००० लावायला पुंजी हवी जवळजवळ ५० कोटी. ज्याच्याकडे आधीच ५० कोटी आहेत त्यालाच ही पैज परवडते.

मूळ कल्पना जुनी आहे. सेंट पीटर्सबर्ग कोड्यात (नाणं उडवत राहायचं, छापा जितका उशिरा येईल तितक्या वेळा बक्षीस दुप्पट) अपेक्षित मूल्य अनंत निघतं, तरी त्या खेळासाठी कुणी घर विकत नाही. निकोलस बर्नुलीने हे १७१३ मध्ये मांडलं. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये उत्तर दिलं की रुपयाची उपयुक्तता पुंजीच्या लॉगॅरिदमने वाढते. केली त्याच वाटेवर आहे.

अजिंक्य_सातारा

मिरज_जंक्शन यांचं उत्तर व्यवहाराला पुरेसं आहे. पण दावा करणारा बक्षीस वाढवत गेला तर? सरळ रुपयांचा हिशेब धरणाऱ्याचं काय होतं ते आधी पाहा. त्याने मन घट्ट करून कोटीत एक म्हटलं. ५० कोटींचं अपेक्षित मूल्य ५० रुपये झालं, विषय संपला. समोरचा म्हणतो, नाही हो, ५ लाख कोटी मिळणार आहेत. शक्यता कोटीत एकच ठेवली तर मूल्य झालं ५ लाख रुपये, आणि आता २५,००० दिले पाहिजेत! एक वाक्य जास्त बोलण्यापलीकडे समोरच्याने काहीही केलेलं नाही. लॉगॅरिदम लावला तर त्याला जास्त मोठा आकडा बोलावा लागतो, इतकंच. बोलायला मर्यादा नाही, त्यामुळे बर्नुलीची उपयुक्तताही शेवटी हरते.

या कोड्याला पास्कलची वाटमारी म्हणतात. एलिझर युडकोवस्कीने २००७ मध्ये मांडलं, निक बॉस्ट्रमने २००९ मध्ये त्याला छोट्या संवादाचं रूप दिलं. पास्कलच्या मूळ पैजेत (देव मानावा की नाही याबद्दलच्या) बक्षीस अनंत होतं. इथे ते मर्यादित असूनही तोच घोळ होतो, म्हणून हे जास्त त्रासदायक आहे. "साधं ते अधिक संभाव्य" हा नियमही वाचवत नाही. मोठी संख्या थोडक्या शब्दांत सांगता येते, त्यामुळे वर्णनाच्या लांबीवरून कापलेली शक्यता जितकी घटते त्याहून कितीतरी वेगाने बक्षीस वाढतं.

माझ्या मते या धाग्यातली मुख्य गोष्ट ही आहे: शक्यता आणि बक्षीस हे दोन आकडे वेगवेगळे ठरवून मग गुणायचे नाहीत. प्रश्न "दावा खरा असण्याची शक्यता किती" असा विचारायचाच नाही. "हा माणूस *इतकी* रक्कम देण्याची शक्यता किती" असा विचारायचा. रक्कम बदलली की उत्तर बदललंच पाहिजे.

किती बदलायचं याला रुपयांच्या बाबतीत एक नेमकी कमाल मर्यादा आहे. जगातली एकूण संपत्ती 'स' धरा. 'र' रुपये ज्याच्याकडे आहेत अशी माणसं जास्तीत जास्त स भागिले र असू शकतात. म्हणून सरसकट निवडलेल्या माणसाकडे र रुपये असण्याची शक्यता 'सरासरी संपत्ती भागिले र' याहून मोठी असूच शकत नाही. सांख्यिकीत ही मार्कोव्हची असमता. आता र ने गुणा. र उडून जातो. अपेक्षित मूल्य सरासरी संपत्तीच्या आत राहतं, समोरचा ५० कोटी म्हणो की ५० लाख कोटी. त्यातही आहे तो देईल का, याची शक्यता अजून गुणायची आहे. शिवाय दावा करायला येणारे लोक सरसकट निवडलेले नसतात, त्यात थापाड्यांचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे खरा आकडा आणखी खाली.

मोठा आकडा बोलायला पैसे पडत नाहीत, द्यायला पडतात. यामुळे रक्कम फुगवत नेली की दावा आकर्षक न होता अधिकाधिक संशयास्पद होत जातो.

रॉबिन हॅन्सनने हाच विचार माणसांच्या संख्येसाठी मांडला. "तुझ्या एका निर्णयावर न लोकांचा जीव अवलंबून आहे" असं कुणी म्हणालं, तर न लोकांपैकी तशा मोक्याच्या जागी एकच जण असतो, मग तो मीच असण्याची शक्यता साधारण न मध्ये एक.

माणगंगा

अजिंक्य, तुमचं गणित पटलं. पण "छोटी शक्यता, मोठा परिणाम, म्हणून संशयास्पद" ही सवय लागली तर आपल्याच जिल्ह्यात काय झालं ते आठवा. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानलं जायचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, दोनशेच्या आसपास माणसं गेली. नंतर नकाशा सुधारून तो भाग झोन ४ मध्ये, म्हणजे भूकंपाच्या जास्त धोक्याच्या पट्ट्यात, घातला गेला. "इथे मोठा भूकंप होईल" हाही त्या काळच्या समजुतीने अचाट दावाच होता.

वाईचा_सांख्यिक

माणगंगाताई, हा आक्षेप अतिशय मोलाचा आहे. म्हणून दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून पाहू.

कोयनेत नुकसानीचा आकडा कुणी *निवडलेला* नव्हता. भूकंपाची तीव्रता वाढवून खडकाला काही मिळवायचं नव्हतं. त्यामुळे "आकडा जितका मोठा तितका सांगणारा खोटा" हा तर्क तिथे लागूच होत नाही. रक्कम वाढली की शक्यता कापायची ही अजिंक्य यांची कपात फक्त तिथेच लावायची, जिथे बक्षिसाचा आकडा सांगणाऱ्याच्या हातात आहे आणि तुम्ही हो म्हणालात तर त्याचा फायदा आहे.

दुसरं, कोयनेत पुरावा पायरीपायरीने येत होता. जलाशय भरू लागल्यानंतर, १९६२-६३ पासून, हादरे सुरू झाले. सप्टेंबर १९६७ मध्ये पाचाच्या वरचा धक्का बसला. जगात तोवर चीनमधलं शिनफेंगजिआंग (१९६२), आफ्रिकेतलं करिबा (१९६३) आणि ग्रीसमधलं क्रेमास्ता (१९६६) या तिन्ही धरणांपाशी सहाच्या वरचे भूकंप झालेले होते. म्हणजे गट होता, त्यातली उदाहरणं होती आणि स्थानिक संकेतही होते. डिसेंबरात "स्थिर पठार" हा प्रायर जुना झाला होता. शून्याच्या जवळचा आकडा लावणं हा तिथला मुख्य दोष नाही. नवीन माहिती येऊनही आकडा हलला नाही, हा दोष आहे.

मिरज_जंक्शन

यालाच जोडून: काही जण उंबरठा सुचवतात, "अमुक शक्यतेखालचं सगळं शून्य धरा". ब्यूफाँने १७७७ मध्ये दहा हजारात एक ही रेघ सुचवली, कारण ५६ वर्षांचा धडधाकट माणूस येत्या २४ तासांत मरण्याची शक्यता त्याच्या काळी साधारण तेवढी होती आणि तो तिची काळजी करत नसे. बोरेलने माणसाच्या व्यवहारासाठी दहा लाखात एक म्हटलं.

रेघेचा दोष असा की तुकडे कसे पाडता त्यावर उत्तर बदलतं. शंभर वर्षांत एकदा येणारा पूर घ्या. एका दिवसापुरती त्याची शक्यता ३६,५०० मध्ये एक. ब्यूफाँच्या रेघेखाली, म्हणजे *रोज* दुर्लक्ष करायला हरकत नाही. पण तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता १ वजा (०.९९ चा ३० वा घात), सुमारे २६ टक्के. सांगलीत आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. गावभागात घर घेणाऱ्याने रोजची शक्यता पाहून निर्णय घेतला तर तो फसतो. उंबरठा वापरायचाच तर संपूर्ण मुदतीच्या शक्यतेला लावा, एका दिवसाच्या तुकड्याला नको.

खटावकर

+१. गृहकर्जाचं उदाहरण फार चांगलं.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. प्रायर इतका लहान लावल्यावर खऱ्या अचाट गोष्टीला सिद्ध व्हायला वाट उरते का? नाहीतर "आधीच ठरवून बसलात" हा आरोप खरा ठरेल.

अजिंक्य_सातारा

वाट उरते, आणि ती किती लांब आहे हेही सांगता येतं. डॉ. जयंत नारळीकर, आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' मध्ये आले. हुशार मुलं आणि गतिमंद मुलं अशा दोन गटांतल्या २०० कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४०, कुठली कुठल्या गटातली ते सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगली कामगिरी ४० पैकी २४.

२४ हा आकडा ऐकायला बरा वाटतो. नाणं उडवून ४० पैकी २४ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण १३ टक्के. पण २७ जण नाणं उडवत असतील तर त्यातल्या निदान एकाला २४ मिळण्याची शक्यता ९७-९८ टक्के. म्हणजे कुणालाच २४ मिळाले नसते तर जास्त नवल होतं.

आता पुराव्याचं वजन काढू. "७० टक्के बरोबर सांगतो" हा दावा आणि "५० टक्के, निव्वळ अंदाज" हा पर्याय. दाव्याच्या बाजूने प्रत्येक बरोबर उत्तराचं वजन ०.७/०.५ = १.४ पट, प्रत्येक चुकीचं ०.३/०.५ = ०.६ पट. गुणाकारापेक्षा बेरीज सोपी, म्हणून १० गुणिले लॉग (पाया १०) घ्यायचा. याला डेसिबॅन म्हणतात, दुसऱ्या महायुद्धात ट्यूरिंगच्या गटाने हेच माप वापरलं. बरोबर उत्तराला +१.४६, चुकीच्याला −२.२२.

२४ बरोबर, १६ चूक: +३५.१ − ३५.५ = −०.४. सर्वांत चांगल्या कामगिरीचं वजनसुद्धा दाव्याच्या *विरुद्ध* बाजूला किंचित झुकतं. २८ बरोबर असते तर +१४.३, म्हणजे सुमारे २७ पट बाजूने.

प्रायर दहा लाखात एक ठेवा, म्हणजे −६० डेसिबॅन. जो खरोखर ७० टक्के बरोबर सांगतो तो प्रत्येक कुंडलीमागे सरासरी ०.७ × १.४६ − ०.३ × २.२२ = सुमारे ०.३६ डेसिबॅन कमावतो. ६० भरून काढायला १७० च्या आसपास कुंडल्या लागतात. तिथे पारडं समसमान होतं. शंभरास एक इतकी खात्री हवी तर साधारण २२५. दोन दिवसांचं काम आहे! दहा लाखात एक हा प्रायर कुणाचंही दार बंद करत नाही.

वाईचा_सांख्यिक

अजिंक्य यांच्या हिशेबात एक छप्पर घालायला हवं. चाचणीत माहिती फुटली असण्याची, किंवा लिफाफ्यावरच्या अक्षरावरून गट कळला असण्याची शक्यता हजारात एक असेल, तर त्या एका चाचणीतून ३० डेसिबॅनच्या वर पुरावा मिळूच शकत नाही. १७० काय, १७,००० कुंडल्या घ्या. कारण इतकं चांगलं यश "दावा खरा" आणि "चाचणी फुटली" या दोन्ही पर्यायांत सारखंच अपेक्षित आहे, आणि दुसऱ्याचा प्रायर −६० नसून −३० आहे.

उपाय म्हणजे दुसरी चाचणी. वेगळी माणसं, वेगळ्या कुंडल्या, वेगळं गाव, लिफाफे तयार करणारा वेगळा. फुटण्याची कारणं एकमेकांपासून खरोखर स्वतंत्र असतील तरच दोन छपरं बेरजेत येतात. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो हे पाहिलेले साक्षीदार हजारोंनी होते. प्रत्येकाने चमच्यातलं दूध कमी होताना खरंच पाहिलं. पण सगळ्यांच्या अनुभवामागे एकच कारण होतं, पृष्ठताण आणि दगडावरून खाली पसरणारा दुधाचा पातळ थर. रंगीत दूध वापरल्यावर तो ओघळ दिसला. हजार साक्षींचं वजन तिथे एका साक्षीइतकंच.

कृष्णाकाठ

एक शंका. पेपरात राज्य लॉटरीचा सात आकडी नंबर येतो. तो नंबर लागण्याची शक्यता कोटीत एक, तरी आपण एका ओळीवर विश्वास ठेवतो. तिथे १७० चाचण्या कुणी मागत नाही. का?

अजिंक्य_सातारा

तत्त्वज्ञ ह्यूमच्या चमत्कारांवरच्या लेखनाला (१७४८) उत्तर देताना रिचर्ड प्राइसने लॉटरीचंच उदाहरण घेतलं होतं. बेझचा निबंध १७६३ मध्ये उजेडात आणणारा हाच प्राइस.

पेपरात हजारात एकदा नंबर चुकीचा छापला जातो असं धरा. पण चूक झाली तर ती एक कोटी चुकीच्या नंबरांपैकी कुठल्याही एकावर पडेल. म्हणजे *हाच* नंबर चुकून छापला जाण्याची शक्यता हजारात एक भागिले आणखी एक कोटी. त्यामुळे छापील ओळीचं वजन १०० डेसिबॅन, प्रायर −७०, उरले +३०. हजारास एक या पैजेने विश्वास ठेवा.

आता ओळखीचा माणूस म्हणतो, "मला लागली." प्रायर तोच −७०. पण खोटं बोलणारा कोटी पर्यायांत विखुरत नाही, तो नेमकं हेच वाक्य बोलतो. हजारात एक माणूस अशी थाप मारतो धरलं तर वजन फक्त ३०. उरले −४०. तिकीट पाहिल्याशिवाय विश्वास नको. राइस पुलर या दुसऱ्या जातीत मोडतो.

मिरज_जंक्शन

म्हणून पुरावा असा मागायचा, जो थापाड्याला स्वस्तात देता येत नाही. तांदूळ ओढला गेल्याचा व्हिडिओ हा पुरावाच नाही. दाण्यांना लोखंडाची भुकटी लावली की तो कुणीही करतो, दोन्ही बाजूंना वजन सारखं, शून्य डेसिबॅन.

मागणी एकच: "फी ५० कोटींतून कापून घ्या, हवी तर दहापट कापा." खरा ग्राहक हे नाकारण्याची शक्यता वीसात एक धरू, फसवणारा नाकारणारच. नकार आला की −१३ डेसिबॅन. वीस हजारात एक म्हणजे −४३, मूळ वादातलं दहा हजारात एक म्हणजे −४०. तेवढ्या एका नकाराने तो युक्तिवाद −५३ वर जातो, म्हणजे दोन लाखात एक. अपेक्षित मूल्य २,५०० रुपये, फी २५,०००.

खटावकर

आणि त्यांनी कपात मान्य केली, पण "फक्त स्टॅम्प पेपर आणि प्रवासखर्चाचे ३,००० द्या" म्हणाले तर?

मिरज_जंक्शन

तर तो नकारच धरायचा आणि तेच −१३ लावायचे. फसवणाऱ्यालाही आधी हातात येणारी रक्कमच हवी असते, तिचं नाव काहीही असो. आणि ३,००० चा ना-नफा-ना-तोटा आकडा नव्याने मांडायचा नाही. त्याच माणसाला पुढे लागू शकणाऱ्या सगळ्या रकमांची बेरीज करून मग भागायचं, कारण ३,००० दिलेल्या माणसाकडेच पुढचा हप्ता मागितला जातो.

माणगंगा

ही फी-कपातीची अट गावच्या ग्रुपवर टाकते. गणित नाही टाकत, नुसती अट.